बारा पट्ट्यांची पंगत

माझे घरमालक जेवायला बसले की आधी भाजीकडे संशयाने बघत. चवीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. या भाजीची पाळी खरोखर आली आहे का, एवढंच त्यांना बघायचं असे. घरात बारा भाज्या ठरलेल्या होत्या आणि बाकीच्या अकरा होऊन गेल्याशिवाय एकही भाजी पुन्हा ताटात येता कामा नये, असा दंडक होता. आज वांगं झालं की वांग्याने रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं. पावसाळ्यात काकूंना हे जमायचं, कारण तरोट्याचा पाला, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, असं काहीबाही रानातून मिळे. उन्हाळ्यात मात्र गाडी अकरावर अडायची. मग काकू बटाटा एकदा पातळ आणि एकदा कोरडा करून त्या दोन भाज्या असल्याचं सांगत, आणि काका जेवण अर्धवट टाकून माझ्या खोलीच्या दाराशी येत. "पातळ केला म्हणून बटाट्याचा काय भोपळा होतो का?" मी कृषी सहायक होतो, त्यामुळे बटाट्याच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा, असा त्या दोघांचाही समज होता.

गोंदियाच्या स्टेशनात पार्सलबाबू म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी सालेकसा तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावात, म्हणजे काकूंच्या माहेरी, घर बांधलं. गाव त्यांना बाबूजी म्हणायचं. दोन हजार सालच्या आगेमागे माझी वर्ध्याहून तिकडे बदली झाली तेव्हा गावात भाड्याने देण्यासारखी एकच खोली होती आणि ती बरेच दिवस रिकामी होती. कारण मला पहिल्याच भेटीत कळलं. काकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. पेटी पुढे ओढली आणि तिच्या बारा पट्ट्या उलट्यासुलट्या क्रमाने, एकेक करून दाबल्या.

"कौन सी दो बार बजी?" त्यांनी विचारलं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पेटी बिघडली असावी आणि ते ती तपासत असावेत, असं मला वाटलं होतं. मी म्हणालो, "एकही नाही."

"राहा," ते म्हणाले. माझ्याआधी आलेल्या दोघांनी 'तिसरी' असं उत्तर दिलं होतं म्हणे.

तर काका संगीतकार होते. गाणारे नव्हेत, वाजवणारेही तसे बेताचेच. ते संगीत रचायचे. सरळ लग्नाची गाणी, भजनं वाजवणाऱ्या या माणसाला हे खूळ कसं लागलं, याची हकीकत ते आनंदाने सांगत. पार्सल ऑफिसात त्यांच्याकडे शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. एकदा कुठलं तरी परदेशी स्टेशन लागलं आणि त्यावर असं काही वाजायला लागलं की काकांना वाटलं, रेडिओ गेला. त्यांनी तो दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्याने उघडून, झटकून, परत लावून सांगितलं, "बाबूजी, रेडिओ ठीक है. गानाही ऐसा है." काका म्हणत, माझा गुरू तो दुरुस्तीवाला. त्याने सांगितलं नसतं तर मी नवा रेडिओ घेतला असता आणि जन्मभर जुनंच ऐकत बसलो असतो.

त्या परदेशी लोकांचा नियम त्यांनी कुठून कुठून वाचून काढला. बाराच्या बारा सुरांना सारखा मान, आणि बाकीचे अकरा वाजून झाल्याशिवाय कोणताही सूर पुन्हा घ्यायचा नाही. नियम वाचला आणि काका हबकलेच, कारण त्यांच्या मते हा नियम परदेशी नव्हताच.

"पंगतीचा कायदा काय असतो?" ते मला विचारत. "सगळ्यांच्या पानात एकेक जिलेबी पडल्याशिवाय कोणाला दुसरी वाढायची नाही. बरोबर? मग गाण्यात का नाही? तिथं सा येतो, फिरून पुन्हा सा येतो, घरी जाऊन पुन्हा सा. सा म्हणजे गावचा पाटील. पंचम त्याचा व्याही. अन् या पाच काळ्या? गरज पडली तर हाक मारायची, नाहीतर गावाबाहेर. मैंने सब को एक पंगत में बिठा दिया."

काकांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. हा विषय निघाला की काकांचा आवाज बदलायचा आणि ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यायचा. बोलणं ऐकून माणूस शंभर टक्के पटायचा. अडचण व्हायची ती पेटी सुरू झाल्यावर.

एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीसाठी गाणं बसवून द्या म्हणून विहाराची मंडळी मोठ्या मानाने त्यांच्याकडे आली. काकांनी पोरांना घेऊन तालीम केली. शब्द सगळ्यांना तोंडपाठ होते, पण कोणाच्याही तोंडून ते एका वेळी बाहेर पडेनात. शेवटी अध्यक्ष आले, खाली मान घालून बसले आणि म्हणाले, "बाबूजी, समता पटली. चाल नाई पटली."

काकांना राग आला नाही. "चाल नाहीच आहे त्यात, तर पटणार कशी?" ते म्हणाले.

परत येणं या गोष्टीचाच त्यांना तिटकारा होता. "परत यायला गाणं म्हणजे काय पॅसेंजर आहे?" हा त्यांचा आवडता सवाल. बाजारात ते एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने येत. सकाळी एखाद्याला नमस्कार केला की बाकी गाव भेटून होईपर्यंत त्याला दुसरा नमस्कार नाही. एका भल्या माणसाने मला रस्त्यात धरून विचारलं होतं, "काऊन जी, बाबूजी सकारी तं हासून बोलले, अना आता तोंड फिरवून जाऊन राहिले. माझं काई चुकलं का?" मी त्याला पंगतीचा कायदा समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मलाही नमस्कार करणं सोडलं.

त्यांची मोठी रचना म्हणजे 'समता क्रमांक तीन'. एक आणि दोन कुठे आहेत विचारलं तर म्हणत, "त्या चुकल्या." क्रमांक तीन पेटी, क्लॅरिनेट आणि लोखंडी घमेल्यासाठी होती. क्लॅरिनेट आमगावच्या एका लग्नबँडवाल्याने वाजवलं होतं, घमेलं काकूंचं होतं आणि ते त्यांनी आजतागायत माफ केलं नव्हतं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती बरोबर मावे. अर्धा तास एक बाजू, अर्धा तास दुसरी.

आणि त्यांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. कोणीतरी ती सगळी ऐकावी. आवडली पाहिजे असं नाही, वाहवा नको, टाळ्या नकोत. सुरुवातीला बसावं आणि शेवटी उठावं, बस. हे अजून कोणीही केलं नव्हतं. क्लॅरिनेटवाला आपला तुकडा वाजवून झाला की बिडी प्यायला बाहेर जायचा. काकू सरळ सांगायच्या, "मी दुसऱ्या बाजूले कधी गेलीच नाई." मी तीनदा बसलो आणि तीनदा झोपलो. तिसऱ्या खेपेला काकांनी माझ्या अंगावर चादर घातली होती. जागा झाल्यावर मला भयंकर लाज वाटली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणा न जेवता उठल्यावर घरधन्याचा होतो तसा तो चेहरा होता.

तरी प्रयत्न सोडतील तर ते काका कसले. त्यांनी आहेराचा मार्ग धरला. लोक लग्नात ताट देत, तांब्या देत, काका समता क्रमांक तीन देत. चमकीच्या कागदात गुंडाळलेली, वर लाल शाईने 'दोघांनी मिळून, शेवटपर्यंत' असं लिहिलेली. लोक वरून सिनेमाची गाणी भरून घेतील हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही दात ते आधीच मोडून ठेवत. त्यामुळे तालुक्यात कितीतरी घरांच्या फळीवर, न लागणाऱ्या भांड्यांच्या मागे, ही कॅसेट जशीच्या तशी पडून होती.

सुकवारोबाईच्या घरीही होती. गावाच्या टोकाला, जंगलाला अगदी लागून, या गोंड बाईची एक बांधी, म्हणजे धानाचं खाचर, होती. पोरीच्या लग्नात काकांनी आहेर केलेला. त्या वर्षी धानात दूध भरत होतं आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. डुकरं धान खातात थोडं आणि लोळून, उकरून नासतात जास्त. शेतकरी मचाणावर टेप ठेवून भोंग्यातून सिनेमाची गाणी लावत, पण आठ दिवसांत डुकरं सरावत. माझ्या खात्याकडे याच्यावर उपाय नव्हता. मी गावोगाव जाऊन 'जागरूक राहा' असं सांगत होतो आणि लोक 'हो जी' म्हणत होते.

एका सकाळी सुकवारोबाई माझ्या खोलीशी आली.

"साहेब, डुकरं परून राहिले."

"कुठे?"

"कुठं मंजे? परून राहिले ना! गान्याच्या कॅसेटची फीत तुटली, तं मी पोरीच्या आहेराची लावली, बाबूजीवाली. लावली अना डुकरं असे परले का शेपटं दिसली फक्त. तीन दिसापासून बांधीत पाय नाई ठेवला."

मी विचारलं, कशामुळे पळत असतील? ती म्हणाली, "गानं कसं हाय, थे घुमून घुमून तिथंच येते. डुकराले समजते, इथं मानूस नाई, भोंगा हाय. याच्यात पुढं काय येईन थे डुकराले समजत नाई. मले बी नाई समजत. कोनालेच नाई समजत."

काकांच्या संगीताचं इतकं नेमकं समीक्षण त्याआधी झालं नव्हतं. मी मूर्खासारखा धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी फुलला, कारण त्यांना वाटलं सुकवारोबाईने ऐकली. मग डुकरं ऐकल्यावर तो पडला. दुपारपर्यंत ओसरीवर दहाबारा शेतकरी जमले. सगळ्यांना कॅसेट पाहिजे होती.

"मी ही माणसांसाठी लिहिली," काका म्हणाले. "डुकरं हाकायला नाही."

"मानसंच तं घेऊन चालले जी," एकजण म्हणाला.

काकांनी अट घातली. कॅसेट पाहिजे त्याने आधी इथे बसून ती दोन्ही बाजूंनी ऐकायची. मध्ये उठायचं नाही, खोकायचं नाही, आणि आपसात सोसायटीच्या गप्पा चालणार नाहीत. लोक तयार झाले. धानासाठी माणूस काय करत नाही! रविवारी दुपारी काकांनी सतरंजी अंथरली, अंगात इस्त्रीचा सदरा घातला, कॅसेट लावली आणि परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

पहिल्या पाच मिनिटांत एकाचा बैल सुटला. तसं त्याला आतूनच कळलं म्हणे. दहाव्या मिनिटाला दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले. तिसरा चांगला डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होता, काका खुशीने त्याच्याजवळ गेले आणि तो घोरत असल्याचं निघालं. घमेल्याचा मोठा आवाज येतो तिथे तर एक म्हातारा 'अबाबाबा' करत हात जोडून उठला आणि चप्पल न घालता निघून गेला. बाजू संपून खट्ट झालं तेव्हा सतरंजीवर मी आणि तो घोरणारा असे दोघेच उरलो होतो.

काका कॅसेटींचं कपाट बंद करायला निघाले, तेव्हा आतून काकू आल्या. "धान लोंबीवर आलं हाये लोकायचं, अना तुमी परीक्षा घेऊन राहिले? नापास झाले तं उपाशी राहातीन का ते?" त्यांनी कपाट उघडलं आणि कॅसेटी स्वतः वाटल्या. काका भिंतीकडे तोंड करून बसले.

मग जे झालं त्याला माझ्या आयुष्यात तोड नाही. जंगलकाठच्या गावागावांत समता क्रमांक तीन वाजू लागली. डुकरं अंधार पडताना आणि उजाडायच्या आधी येतात, त्या दोन्ही वेळी सगळ्या शिवारातून पेटी, क्लॅरिनेट आणि घमेलं ऐकू येई, प्रत्येक बांधीत वेगळ्या ठिकाणी पोचलेलं. धान वाचलं. मी वर अहवाल धाडला. उपायाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून 'आधुनिक संगीत' असं लिहिलं. त्यावर एक साहेब जीप घेऊन पाहणीला आले. त्यांनी ओसरीवर दोन मिनिटं ऐकलं, घाईघाईने पुरे म्हणाले आणि काकांना विचारलं, "हे एकरी किती द्यावं लागतं?"

काका म्हणाले, "एकदा. पूर्ण."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

आता लग्नात काकांच्या आहेराला मागणी आली. मुलीकडचे आदल्या दिवशी येऊन आठवण करून देत, "बाबूजी, डुकरावाली कॅसेट आना बरं." असं बोलावणं आलं की काका आहेर घेऊन जात, न जेवता परत येत आणि पेटीवरची धूळ पुसत बसत. एकदा मी म्हणालो, काका, अख्खा तालुका तुमचं संगीत लावतो, अजून काय हवं?

"मी सगळ्यांना एका पंगतीत बसवायला निघालो होतो," ते म्हणाले. "अन् झालो काय, तर पंगत उठवणारा."

त्यांचं हे बोलणं मला लागलं. या माणसाची थट्टा करायची मी त्या दिवसापुरती बंद केली.

पुढल्या वर्षीचं धानही असंच निघालं. त्याच्या पुढल्या वर्षी, लोंब्या नुकत्या वाकायला लागल्या होत्या, तेव्हा सुकवारोबाई सकाळीच आली आणि कॅसेट ओसरीवर ठेवून खाली बसली. अर्धी बांधी गेली होती.

"टेप बंद पडला?" काकांनी विचारलं.

"चालू होता जी. तुमची कॅसेट वाजून राहिली होती अना डुकरं खाऊन राहिले होते. घमेलं वाजते ना, तिथं बी नाई हालले. एकानं नुसता कान हालवला."

"शक्य नाही," काका उसळले. "माझ्यात काहीच परत येत नाही. एक सूर परत येत नाही!"

"रोज तेच तं परत येते ना बाबूजी. सांजीले लावली, सकारी लावली, परत सांजीले लावली. दोन सालात पाठ झाली त्यायले."

काका जे उभे होते ते खाली बसले. इतकी वर्षं प्रत्येक सुरावर पहारा ठेवला आणि कॅसेट दुसऱ्यांदा लावली की सगळंच्या सगळं परत येतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याही कोणाच्या आलं नव्हतं म्हणा, कारण आमच्यापैकी कोणी ती एकदासुद्धा पुरी ऐकली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "डुकरं शेवटपर्यंत थांबली होती?"

"कॅसेट सरली तवा गेले."

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. दुःख होतं की आनंद, मला कळेना. काकूंना कळलं आणि त्या खवळल्या. "तिचं धान गेलं अना तुमी कायले खुश होऊन राहिले?"

सुकवारोबाईला या भांडणात रस नव्हता. उरलेली अर्धी बांधी कशी वाचवायची एवढंच तिच्या डोक्यात होतं, वर्षभराचा तांदूळ तोच. ती म्हणाली, "टेप तेच तेच बोलते. तुमीच चाला आता. तुमी बसून रोज नवं वाजवा, मंग पाहू कशे पाठ करतेत."

काकूंनी होकार देऊनच टाकला. संध्याकाळी मी मोटरसायकलवर पेटी आणि काका अशी दोन्ही पार्सलं शेतात पोचवली. ते मचाणावर चढले, पेटी मांडीपुढे घेतली आणि दिवस मावळत असताना सुरू झाले. तासभर वाजवलं. डुकरं जंगलाच्या कडेला आली, थबकली, आणि पळाली. दुसऱ्या संध्याकाळी वेगळं वाजवलं, तिसऱ्या संध्याकाळी आणखी वेगळं. पहाटेची पाळी सुकवारोबाई डबा बडवून स्वतःच सांभाळायची.

काकांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. दिवसभर ते गुणगुणत हिंडायचे, म्हणजे त्याला गुणगुणणं म्हणता येत असेल तर. भाजीकडे न बघता जेवायचे. कारण वेगळंच होतं. मचाणावर त्यांच्या शेजारी सुकवारोबाई बसायची, बांधीवर नजर लावून. सुरुवातीला असायची आणि शेवटीही असायची. "ऐकते ती," काका घरी येऊन काकूंना सांगत. "रोज. पूर्ण. मध्ये एकदा विचारलं, थांबू का? तर हातानं खूण केली, चालू द्या."

काकू माझ्याकडे बघत आणि मी काकूंकडे. पेटी चढवून देताना मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, बाईने दोन्ही कानांत कापसाचे हे एवढे बोळे घातले होते. मी ते काकूंना सांगितलं होतं आणि त्यांनी मला गळ्याची शपथ घातली होती. एका संध्याकाळी मी बांधावर उभा होतो. काका डोळे मिटून, सगळं अंग पेटीवर लोटून वाजवत होते. पुढे जंगल, शेजारी बोळे घातलेली बाई. मला त्यांची इतकी दया आली की मोटरसायकल तशीच ठेवून पायी घरी जावंसं वाटलं.

उरलेलं धान वाचलं. कापणी झाली, मळणी झाली. आता मचाणावर जायचं कारण राहिलं नाही आणि काका पुन्हा ओसरीवर बसून राहू लागले. एका दुपारी सुकवारोबाई आली. डोक्यावर नव्या तांदळाचं टोपलं होतं. ते तिने काकूंच्या हाती दिलं, पाय धुतले आणि काकांच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"आता वाजवा," ती म्हणाली.

"डुकरं कुठं आहेत आता?"

"डुकरायसाठी नाई जी. तवा कानात कापूस होता माझ्या. तुमचं आयकून डोस्कं फिरते, मंग राखन कोन करन? आता धान घरी आलं, कान मोकरे झाले. इतके दिस काय वाजवून राहिले होते, पाहू तरी."

काकू दारातच थिजल्या. मी तांदळाच्या टोपल्याकडे बघू लागलो. काकांनी तिच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला ठाऊक होतं हे त्यांना तेवढ्यात समजलं.

"एकही नाही ऐकलं?"

"एक बी नाई."

"ते आता परत वाजणार नाही. गेलं ते."

"मंग दुसरं वाजवा. मी बसली हाये."

काकांनी पेटी ओढली. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते माणूस पुढ्यात येऊन बसलं, तर त्यांना सुरुवातच करता येईना. एका पट्टीवर बोट ठेवत, उचलत, दुसरीवर ठेवत. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, "कुठून सुरू करू?" तिने पेटी निरखली आणि बोटाने दाखवलं. "थे कारी. कोन्यातली."

आणि काकांनी वाजवायला घेतलं. किती वेळ वाजवलं ते मला सांगता येणार नाही. सुकवारोबाई गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली होती. एकदा तिने नाक खाजवलं, एकदा ओसरीवर चढलेली कोंबडी हाकलली, पण ती उठली नाही आणि झोपलीही नाही. ती बसली म्हणून मलाही उठता येईना, आणि अशा रीतीने काकांची एक अख्खी रचना मी पहिल्यांदा ऐकली. तिच्याबद्दल मला काहीही विचारू नये. काकांचा हात थांबला. भात्यातली उरलेली हवा सूं करून निघून गेली. त्यांनी भाता अडकवला आणि काकूंकडे पाहिलं. अखेर काकूंनीच विचारलं, "काय वो सुकवारो, कसं हाये?"

तिने जरा विचार केला. पदराने तोंड पुसलं.

"बरं हाये जी," ती म्हणाली. "पन डुकरायचं बी काई चुकत नोतं."

काका ताडकन उठले. मला वाटलं, आता बाईची धडगत नाही. पण ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंस? सगळं ऐकून बोलली."